सुई कुणाच्या घरची?

परवा सकाळी घंटागाडीवरच्या ताई आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या बोळात बादली उलटी करत होत्या. एकदम त्यांनी हात झटकला. अंगठ्यात इन्सुलिनची सुई शिरली होती. पदराच्या टोकाने रक्त पुसून त्या पुढच्या दाराशी गेल्या. अशा सुईतून कावीळ ब, एचआयव्ही यांसारखे आजार होऊ शकतात. सुई आमच्याच कुणाच्या तरी घरची, म्हणून जास्त लाज वाटली.

त्याच बादलीत संपलेले सेल आणि फुटकी ट्यूबलाइट होती. ट्यूबमध्ये पारा असतो. जपानमधल्या मिनामाताला कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत साठला, ते मासे खाणाऱ्यांना विषबाधा झाली आणि १९५६ मध्ये त्या आजाराची पहिली नोंद झाली. आपल्या बादलीतला पारा थोडाच, पण घरे किती आहेत! शिवाय वायरी जाळून तांबे काढतात त्याचा धूर वस्तीतल्या लेकरांच्या छातीत जातो, तो वेगळाच.

२०१६ च्या घनकचरा नियमांनुसार असा घातक घरगुती कचरा वेगळा घेण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र हवे होते. सोलापूरची हद्द सुमारे १८० चौरस किलोमीटर, म्हणजे नऊ केंद्रे. ती कुठे आहेत, हे प्रत्येक घंटागाडीवर ठळक लिहावे. सफाई कामगारांना जाड हातमोजे आणि कावीळ ब ची लस तर आधी द्यावी.

तोवर आपण सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात भरून, वर ‘सुया’ लिहून वेगळ्या देऊ या. आमच्या बोळात चार घरांनी सुरुवात केली आहे.

— एक वाचक, सोलापूर