बाळंतिणीला वजनाची घाई नको

महोदय,
सुनेच्या बाळाला जेमतेम दोन महिने झाले आणि शेजारणी विचारू लागल्या, ‘पोट कधी उतरणार?’ पोर रात्रीचं जेवणच सोडायला निघाली! अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. नऊ महिन्यांत वाढलेलं वजन आठवड्यात कसं उतरेल? उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, ताजी मासळी तिला पोटभर मिळायलाच हवी. डिंकाच्या लाडवांचा आग्रह मात्र मी सोडला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून संध्याकाळी बाळ मी घेते आणि ती अर्धा तास किनाऱ्यावर फिरून येते. परतते तेव्हा चेहरा मोकळा असतो.

– एक सासू, वेंगुर्ले