आई-बाबा, तो इथेच राहणार आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं बोलणं होत नाही. बाबा, तुम्ही "ठीक आहे ना?" एवढं विचारून फोन आईकडे देता, आणि आई, तुझा आवाज भरून आला की मीच विषय बदलते. म्हणून सविस्तर लिहिते आहे. सावकाश वाचा, दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबा, चष्मा लावा, आईला वाचायला लावू नका.

आधी चांगलं सांगते. काल संध्याकाळी बाळ्या वॉकर धरून पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि "ताई, चहा टाक" म्हणाला. मी चहा टाकला, पण मला काही दिसत नव्हतं इतके डोळे भरले होते. पाय अजून टेकवतो तो जपूनच. अपघातात मोडलेल्या मांडीच्या हाडात रॉड आहे. हाड पूर्ण जुळायला तीन ते सहा महिने लागतात, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, त्यामुळे उशीर होतोय असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. बरगड्यांचं दुखणं बरंच कमी आहे. ते तीन गोळ्यांचं श्वास आत ओढायचं यंत्र आठवतं ना, आता तिन्ही गोळ्या वर जातात. छातीवर गाडीच्या पट्ट्याचा जो काळानिळा वळ होता, तो पिवळा पडून विरत चाललाय.

आता जे लिहायला बसले ते. बाळ्या इतक्यात कराडला येणार नाही. काठी सुटेपर्यंत तो माझ्याकडेच राहणार. मी आणि ह्यांनी हे ठरवलं आहे, त्यालाही विचारलं आहे. तुम्ही दुखावला जाल हे मला ठाऊक आहे. मुलगा आपला, दुखणं एवढं मोठं, आणि तो आपल्या घरी नाही. पण बाबा, आपल्या घराच्या त्या उंच पायऱ्या आठवा, आणि परसातला संडास आठवा. गुडघा पूर्ण वाकत नाही त्याचा. इथे आम्ही खालच्या मजल्यावर आहोत, कमोड आहे, दाराशी रिक्षा येते. ज्यांनी ऑपरेशन केलं तेच डॉक्टर इथे एक्स-रे बघणार, व्यायाम करून घेणाऱ्या ताई घरी येतात. दर तपासणीला कराडहून पुण्याला गाडीत घालून आणायचं, त्याच रस्त्याने, हे मला नको आहे. त्यालाही नको आहे, फक्त तो तुम्हाला तसं म्हणणार नाही.

आणि आई, तुझ्या मनात जे आहे तेही मी ओळखून आहे. लेकीच्या सासरी मुलगा पडून आहे, लोक काय म्हणतील, विहीणबाईंना किती त्रास. अगं, सासूबाईंनीच तो हॉलमधला दिवाण काढायला लावला आणि भाड्याचा हॉस्पिटलचा पलंग खिडकीशी लावून घेतला, त्याला बाहेरचं दिसावं म्हणून. दुपारी दोघं मिळून टीव्हीवर क्रिकेट बघतात. सासूबाईंना एलबीडब्ल्यू कळत नाही, तो समजावतो, आणि त्या निमित्ताने तासभर पाय दुखल्याचं नाव काढत नाही. दिवसा रुग्ण सांभाळणारे एक मामा येतात, अंघोळ घालणं, उठवणं-बसवणं सगळं तेच करतात. मला रजा घ्यावी लागली नाही. रात्री मी हॉलमध्ये त्याच्याजवळच झोपते. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी वरणभात-पालेभाजी, रात्री मूगडाळ खिचडी किंवा भाकरी, आणि हो, दोन अंडी. डॉक्टरांनी सांगितलीत. तुझ्या भांड्यात नाही करत, काळजी करू नकोस.

त्या रात्री तुम्हाला लगेच कळवलं नाही, याचा राग बाबांच्या मनातून गेलेला नाही. मावशीकडून मला कळलं. बाबा, मी जाणूनबुजून कळवलं नाही. रात्री साडेदहाला तुम्हाला फोन केला असता तर तुम्ही घटकाभरही थांबला नसता. तुमचा बीपी, आईचे गुडघे, अंधार, आणि तोच महामार्ग. एकाला ऑपरेशन थिएटरमध्ये नेत असताना मला तुमच्याही वाटेकडे डोळे लावून बसायचं नव्हतं. ऑपरेशन झालं, तो शुद्धीवर आला, माझं नाव घेतलं, आणि मग मी फोन लावला. पुन्हा तशी वेळ न येवो, पण आली तर मी असंच करेन.

गावात कोण काय बोलतंय तेही कानावर आलंय. म्हणे पोरगा मोबाईलवर बोलत होता, म्हणे वेगात होता, म्हणे तरणी पोरं आणि गाडी म्हटल्यावर दुसरं काय होणार. आई, तू हे ऐकून घरात येऊन रडतेस आणि त्यांना उत्तर देत नाहीस. उत्तर मी देते. खंबाटकीचा बोगदा ओलांडून, ते अवघड वळण संपवून तो शिरवळजवळ आला होता. डाव्या लेनमध्ये होता. मोबाईल मागच्या सीटवरच्या बॅगेत होता, पोलिसांना तिथेच सापडला. उजवीकडून मागून एक ट्रक आला, त्याने गाडीला घासत डावीकडे लोटलं, गाडी कठड्यावर आदळली आणि ट्रक तसाच पुढे निघून गेला. बाळ्याला फक्त हिरवी ताडपत्री आठवते. एवढंच आहे. ज्याने पळ काढला त्याच्याबद्दल कुणी काही बोलत नाही आणि जो रस्त्यात पडला त्याचीच झडती चालली आहे, याचा मला फार संताप येतो.

थांबला तो दुधाच्या टेम्पोवाला. त्याने दार उघडलं, गाडी बंद केली, १०८ ला फोन लावला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बाळ्याचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसला. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, त्याच्यावर नाव-गाव सांगायची सक्तीही नाही. तरी त्याने आपणहून नंबर दिला आणि दुसऱ्या दिवशी "पोरगं कसंय?" म्हणून फोन केला. आई, त्याच्या बायकोला साडी द्यायची म्हणतेस ते मला मनापासून पटलं. बाळ्या चालायला लागला की आपण सगळेच जाऊ त्यांच्याकडे.

आता तक्रारीचं. बाबा, तुम्ही म्हणालात, जीव वाचला, देवाने दिलं, आता पोलीस आणि कोर्टकचेरी नको, तक्रार सोडून द्या. आप्पांच्या वेळी काय झालं ते मी विसरलेले नाही. त्या तारखा, तुमच्या रजा, काकूचं ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसणं. मी लहान होते, पण त्या दिवसांत घरात कुणी मोठ्याने बोलत नसे हे माझ्या लक्षात आहे. म्हणूनच मी सोडणार नाही. गुन्हा नोंदवलेला आहे, बाळ्याने शुद्धीत जबाब दिलाय, पंचनामा झालाय. रस्त्यावर सापडलेल्या हेडलाइटच्या काचा आणि आरशाचा तुकडा पोलिसांकडे आहे. पुण्याकडे गेलेल्या ट्रकला वाटेत खेड शिवापूरचा टोलनाका लागतो, तिथल्या त्या वेळच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मिळावं असं आम्ही लेखी मागितलं आहे.

तुम्ही असंही म्हणालात की त्या ड्रायव्हरलाही पोरंबाळं असतील, जमाव मारेल या भीतीने पळाला असेल. हे तुम्हीच म्हणू शकता, बाबा. पण कायद्यानेही त्या भीतीचा विचार केलाय हो. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं की जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था कर, आणि जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर निदान जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत जाऊन सांग. त्याला शिरवळला थांबायची भीती वाटली असेल, मान्य. पुढे इतका रस्ता होता. कुठल्याही ठाण्यासमोर ट्रक उभा करून "मागे एक गाडी पडलीय" एवढं सांगितलं असतं तरी मी आज हे पत्र वेगळं लिहिलं असतं. मला त्याचं वाटोळं करायचं नाही. त्याने समोर येऊन सांगावं, एवढंच हवंय.

आणि ट्रक सापडला नाही तरी कागद वाया जात नाहीत. पळून गेलेल्या वाहनामुळे गंभीर दुखापत झाली तर केंद्राच्या योजनेतून ५०,००० रुपये मिळतात, मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख. १ एप्रिल २०२२ पासूनची रक्कम आहे ही, आधी १२,५०० आणि २५,००० होती. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच आहे. अर्ज त्या तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो, म्हणजे आपल्याला खंडाळ्याला, आपल्या साताऱ्याच्या खंडाळ्याला. ट्रक सापडला तर मग भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, आणि तो सहा महिन्यांच्या आत टाकायचा असतो, म्हणून वकील आत्ताच बघून ठेवलाय. पैशासाठी हे चाललं नाही हे तुम्ही जाणता. दवाखान्याचं बिल बहुतेक त्याच्या ऑफिसच्या विम्यातून निघालं, उरलेलं आम्ही भरलं. पोस्टातली ठेव मोडायची नाही. बाबा, हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

एक गोष्ट तुम्ही दोघंही बोलत नाही, पण मला दिसते. बाबांना वाटतं, गाडी मी घेऊन दिली. आईला वाटतं, जेवून जा म्हणून मी थांबवलं, नाहीतर उजेडात पोचला असता. बाबा, त्याच गाडीची एअरबॅग उघडली. आणि पट्टा कुणी शिकवला? दोघांनाही शेजारी बसवून तुम्ही सांगायचात, पट्टा लावल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. कृष्णेच्या काठच्या त्या रिकाम्या रस्त्यावर मी गाडी बंद पाडत होते आणि तुम्ही एकदाही ओरडला नाहीत, "पुन्हा चालू कर, काही होत नाही" म्हणत राहिलात. संध्याकाळी प्रीतिसंगमावर भेळ, आणि बाळ्या मागच्या सीटवर झोपलेला, तोंडाला चिंचेची चटणी. आजही पट्टा लावताना मला तुमचाच आवाज ऐकू येतो. त्या रात्री त्यालाही आला असणार. डॉक्टर म्हणाले, पट्टा नसता तर आमच्या हातात काही नव्हतं. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, त्यांनी खरंच असं सांगितलं. आणि आई, तो शुद्धीवर आल्यावर माझ्यानंतर तुझ्या वांग्याच्या भरताबद्दल बोलला. पोटभर जेवून निघालो होतो म्हणाला, तेच बरं झालं.

म्हणूनच, तो बरा झाल्यावर गाडी चालवणार आहे. आत्ता नाही, डॉक्टर म्हणतील तेव्हा, आणि पहिल्यांदा शेजारी मी किंवा हे असू. "पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही, माझी शपथ आहे" असं तू त्याला फोनवर म्हणालीस, आई. त्या रात्री तो झोपला नाही. शपथ मोडता येत नाही आणि पाळताही येत नाही, अशात २३ वर्षांच्या पोराने करायचं काय? ती शपथ सोडव त्याची. तुझ्याच तोंडाने सोडव, माझ्याकडून निरोप नको. भीती त्यालाही वाटते. बाहेर मोठा हॉर्न वाजला की दचकतो. त्यासाठीही एका डॉक्टरांकडे घेऊन जाते आहे, आणि हे मावशीला सांगायची गरज नाही.

आता माझं ऐका. आई, पालीच्या खंडोबाला अनवाणी चालत जायचा नवस बोललीस म्हणे. तुझे गुडघे असे असताना खंडोबा तुला चालायला लावेल का? आपण गाडीने जाऊ, बाळ्याला घेऊन जाऊ, भंडारा उधळू, तळी भरू. देवाला सगळं कळतं. मंगळवारचा उपास कर, पण साबुदाण्यावर दिवस काढू नकोस, राजगिरा खा, दूध घे. "मला भूक नाही" हे बाबांनी ऐकून घ्यायचं नाही.

बाबा, बीपीची गोळी रोज सकाळी, एकही दिवस चुकवायची नाही. रात्री उठून अंगणात फेऱ्या घालता असं आईने सांगितलं. झोप लागत नसेल तर डॉक्टरांना सांगा, त्यात कमीपणा नाही. शनिवारी रक्त तपासून घ्या. आणि रात्रीच्या एसटीने अचानक इकडे निघून यायचं नाही. हे पुढच्या रविवारी सकाळी गाडी घेऊन येतील, दोघांना उजेडात आणतील, हवे तितके दिवस राहा. आतली खोली रिकामी केली आहे. बाबांसाठी खिडकीजवळ आरामखुर्ची आहे, आईसाठी देवघरात जागा आहे. आई, कमी उंचीचा पलंग तुला उठायला त्रास देतो म्हणून त्याखाली ठोकळे लावून घेतलेत.

येताना अळिवाचे लाडू आण, डिंकाचे नकोत, त्याला ते आवडत नाहीत. बाळ्याची आधार कार्डाची प्रत आणि बँकेचं पासबुक बाबांच्या कपाटात निळ्या फायलीत आहे, ते विसरू नका, अर्जाला लागणार आहे. गाडीच्या विम्याचे कागदही त्याच फायलीत असतील. आणि रक्ताचा रिपोर्ट सोबत आणा, बाबा, घरी ठेवून "नॉर्मल आहे" असं तोंडी सांगायचं नाही. मी बघणार आहे.

तुमची,
ताई