तळघराचा जिना अंदाजाने नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे गोव्यात फोंडा, डिचोली, सत्तरी भागात उतारावर घर बांधलं की पुढून एक मजला दिसतो आणि मागून दोन, खालची खोली आपोआप मिळते, तिला आता सगळे बेसमेंटच म्हणतात. नारळ, काजूची पोती, जुनं सामान, हल्ली वॉशिंग मशीनसुद्धा तिथेच. पण खाली उतरायचा लाकडी जिना बघितला तर बऱ्याच घरांत शिडीसारखा उभा, शेवटची पायरी एकदम उंच नाहीतर एकदम बुटकी, धरायला काही नाही. मेस्त, म्हणजे सुतार, वेळेवर मिळत नाही, कटर आणि ड्रिल मशीन मात्र घरोघर आलंय, त्यामुळे लोक परदेशी व्हिडिओ बघून स्वतःच जिना करायला लागलेत. ते चांगलंच आहे, मला मनापासून आवडतं. फक्त करवत लावायच्या आधी कागद-पेन्सिल घ्या एवढीच कळकळीची विनंती आहे.

माप घ्यायचं ते खालच्या तयार लादीपासून वरच्या तयार लादीपर्यंत, लादी अजून बसायची असेल तर तिची जाडी धरून. समजा ही उंची २५२० मिमी आली. तिला १४ ने भागलं की प्रत्येक चढ, म्हणजे एका पायरीची उंची, बरोबर १८० मिमी येतो, आणि शेवटचा चढ वरच्या लादीवरच जात असल्यामुळे फळ्या लागतात १३. पाय ठेवायला प्रत्येकी २६० मिमी धरले तर जिन्याला ३३८० मिमी, म्हणजे साधारण अकरा फूट लांब जागा हवी. तेवढी नसेल तर वळण घ्या, मध्ये चौथरा घ्या, पण उभा करू नका. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घरासाठी चढ जास्तीत जास्त १९० मिमी आणि पायरीची रुंदी कमीत कमी २५० मिमी दिलीय. १७ व्या शतकातल्या ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाचा हिशोब अजून चालतो, दोन चढ आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज ६०-६३ सेंमीच्या आसपास यायला हवी. वरच्या मापात ती ६२ येते.

आता जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो ते सांगतो. बाजूच्या दोन तिरक्या फळ्या गुण्या (काटकोन मापायचं अवजार) लावून दातेरी कापल्या, सगळे दाते १८० चे, मग त्यावर ३८ मिमी जाडीच्या पायऱ्या ठोकल्या, तर खालचा पहिला चढ होतो २१८ चा आणि सगळ्यात वरचा चढ उरतो फक्त १४२. मधल्या सगळ्या बरोबर, दोन्ही टोकं चुकीची! म्हणून बाजूच्या फळ्या बुडाशी पायरीच्या जाडीएवढ्या कापून कमी करायच्या. दोन पायऱ्या उतरल्या की पाय उंची लक्षात ठेवतो, डोळे बघत नाहीत, आणि डोक्यावर नारळाचं पोतं असेल तर बघायचा प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमात एका जिन्यातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान चढात ३/८ इंचापेक्षा, म्हणजे साधारण साडेनऊ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि इथे तर सरळ ७६ चा फरक पडतो!

व्हिडिओतलं गणित घ्या पण लाकूड आणि भिंती तिथल्या समजू नका. तिकडे पाइनची दोन बाय बारा इंचाची फळी घेऊन सरळ काँक्रीटवर टेकवतात. आपल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती पावसात चार महिने ओल धरतात, लाकडाचं कापलेलं टोक खालून पाणी ओढतं, वरून छान पॉलिश आणि आत बूड कुजलेलं. जुन्या घरांत लाकडी खांब दगडावर उभे असायचे ते उगाच नाही, जिन्याच्या बुडाखालीही दगडाची बैठक आणि मध्ये जाड प्लास्टिक घाला, भिंतीपासून बोटभर फट ठेवा. काजूच्या टरफलाचं तेल वाळवीला चांगलं, फक्त हातमोजे घालून, कातडी भाजते त्याने. साग परवडत नसेल तर मत्ती (ऐन) किंवा फणस घ्या (परसातलाच फणस कापणार असाल तर आधी वनखात्याची परवानगी, १९८४ चा कायदा आहे), प्लायवूड असेल तर आयएस ७१० चं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लायवूड. आणि चवथीच्या आधी घाईघाईत भर पावसात आणलेलं ओलं लाकूड लावू नका, उन्हाळ्यात ते आकसतं, स्क्रू ढिले होतात, पायऱ्या करकरायला लागतात. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या.

कठडा शेवटी करू म्हणून राहून जातो, त्याच दिवशी लावा, तीन फूट उंच. दिव्याचं बटण खाली आणि वर दोन्हीकडे.

संपादकसाहेब, आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मेस्तांना याविषयी लिहितं करा. पायऱ्या खाचेत बसवून जिना कसा करायचा, कुठलं लाकूड किती वाळवायचं, हे त्यांना तोंडपाठ आहे पण कागदावर कुठेच नाही. लिहिता येत नसेल तर कुणाला तरी पाठवून बोलतं करा आणि मापांसकट चित्रं छापा, मी कात्रण काढून शेजाऱ्यांना वाटीन.

आपला,
एक वाचक, फोंडा