चिमी गप्प होईपर्यंत थांबलेल्या डॉक्टर मॅडमना

नमस्कार मॅडम,

तुम्हाला मी आठवत नसेन, वर्षाला किती अंगणवाड्या अन किती पोरं बघता तुम्ही. रहिमतपूरच्या बाजूचं आमचं गाव, आणि स्टेथो बघून भोकाड पसरलेली ती साडेतीन वर्षांची पोरगी म्हणजे आमची चिमी.

खरं सांगते, तुमची गाडी आली की आम्ही म्हणायचो, आले जंताच्या गोळ्या वाटायला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम असं त्याचं नाव आहे, 2013 पासून आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी होते, हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी शेंगा वाळत टाकायच्या तशाच ठेवून आलेले, लवकर आटपा एवढंच डोक्यात. पण ती रडत होती म्हणून तुम्ही थांबलात. बाकीची पोरं तपासून घेतली, तोवर स्टेथो तिच्याच हातात दिला, तिने तो बाहुलीला लावला, मला लावला, आणि ती गप्प झाल्यावर फ्रॉक वर करून डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली तुम्ही तो ठेवलात अन डोळे मिटलेत ते बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणालात, रडताना हा आवाज कळत नाही ताई, ठोक्यामागं सारखी घरघर येतीय, एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घ्या.

मॅडम, त्याआधी वर्षभर आम्ही एका दवाखान्यात जात होतो. सारखी सर्दी, दोनदा निमोनिया, वजन 11 किलोच्या पुढं सरकेना, आणि दरवेळी छाती भरलीय म्हणून वाफ अन सिरप. तिथं स्टेथो कायम स्वेटरवरूनच टेकवायचे. आत्याबाई तर म्हणायच्या आमच्यात पोरी बारीकच असतात.

साताऱ्याला गेलो तेव्हा आधी बोटाला ती क्लिप लावली, ऑक्सिजन 98. हे लगेच खूश, म्हणाले बघ, पोरगी फिट आहे, चल घरी. तुम्हाला फोन लावला म्हणून बरं झालं. तुम्ही म्हणालात की या दुखण्यात 98 येऊ शकतं, कारण शुद्ध रक्तच परत फुफ्फुसात जातं, अंग निळं पडत नाही, म्हणून तर लक्षात येत नाही. मग ईसीजी झाला, एक्स-रेमध्ये हृदय जरा मोठं दिसलं, आणि शेवटी टू-डी एको. झोपेचं औषध देणार म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे रात्री उशिरा झोपवलं, पहाटे उठवलं, पण एसटीत तिला जागं ठेवता ठेवता माझ्याच डोळ्यांवर झापड यायला लागली.

स्क्रीनवर लाल-निळं दिसायला लागल्यावर मला वाटलं निळं म्हणजे खराब रक्त, हातपायच गळाले. एको करणाऱ्या सरांनी सांगितलं की रंग फक्त रक्त कुठल्या दिशेनं चाललंय ते दाखवतात, लाल म्हणजे प्रोबकडं, छातीवर टेकवतात त्या यंत्राकडं, येणारं अन निळं म्हणजे लांब जाणारं. चिमीला पीडीए होता. पोटात असताना बाळाच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक नळी असते, जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत ती मिटते, हिची मिटलीच नव्हती. तुम्ही स्टेथोनं ऐकलेली घरघर तीच.

पुढचं लवकर झालं. पुण्यात मांडीतल्या नसेतून बारीक नळी घालून बटणासारखं काहीतरी बसवलं, छातीवर एक टाका नाही, आणि पैसे तुमच्याच कार्यक्रमातून भागले, नाहीतर म्हैस विकायची हे ठरलंच होतं आमचं.

आता वजन 13 च्या वर गेलंय. रोज वाटी घेऊन घरातल्यांच्या छातीला लावत फिरते, आत्याबाई मध्ये बोलल्या की दटावते, गप बस, ऐकू येत नाय.

तुम्हाला भेटायला तीनदा आले, दरवेळी गाडी दुसऱ्याच गावाला. कंदी पेढे अंगणवाडीच्या ताईंकडं ठेवलेत, तुमच्या ड्रायव्हरदादांना अन सिस्टरना पण द्या, आणि जरा लवकर या, ताईंचा काय भरवसा नाही.

तुमची,
चिमीची आई