बाबू, झाकण ठेवू नको

बाबू,

पिशवी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवली आहे, सकाळी जाऊन उतरवून घेजो नाहीतर ड्रायव्हर तशीच पुढे घेऊन जाते. फोनवर सांगितलं असतं पण तू "हो बाबा हो बाबा" करत अर्धंच ऐकतो, म्हणून लिहून राहिलो. बोलून टाइप करतो, मोबाईल सोले म्हटलं की सोने लिहिते, समजून घेजो.

तर तुझं ते मशरूम. रबरासारखं झालं, कढईत पाणीच पाणी, मग फेकून दिलं अन् बाहेरून मागवलं म्हणाला. मी रागावलो नाही कारण माझंही तेच झालं होतं. तुझी आई ताईच्या बाळंतपणाला गेली त्याला दीड महिना झाला, घरात मी अन् आजी, अन् 54 वर्षांत मी चहाच्या पुढे कधी गेलो नव्हतो. यंदा बचत गटाच्या बायांनी आपलंच सोयाबीनचं कुटार (भुसा) नेऊन ढिंगरी मशरूम लावली. कुटार भिजवतात, गरम पाण्यातून काढतात, निथळलं की पिशवीत थरावर थर बी टाकून अंधाऱ्या खोलीत टांगतात. पंधरा-वीस दिवसांत सगळं पांढरंफट्ट, मग पिशवी उघडली की काही दिवसांनी कानाच्या पाळीसारखे झुबके बाहेर येतात. कुटाराच्या बदल्यात त्यांनी मला अर्धा किलो दिली. मी ती सगळी एका लहान गंजात कोंबली, वरून मीठ अन् झाकण. उघडून पाहतो तं ढिंगरी डुंबून राहिली. आजी म्हणे, "बैलासाठी आंबोण केलं काय रे?"

मग गटातल्या बाईनं सांगितलं की यात शंभरात नव्वद भाग पाणीच असते. म्हणजे तू 200 ग्रॅमचं पाकीट आणलं तर 180 ग्रॅमच्या आसपास पाण्याचेच पैसे दिले. ते पाणी उडालं पाहिजे, बस एवढंच आहे. भिजत घालू नको, नळाखाली झटकन धुऊन कपड्यानं पूस. एकाचे चार तुकडे, मोठी कढई, मोठी आच, एकावर एक ढीग नको, झाकण नको अन् मीठही आधी नको. आधी चूं चूं आवाज करते, मग पाणी सुटते अन् बुडबुड करते, तेव्हा घाबरून गॅस कमी करू नको. सात-आठ मिनिटांनी आवाज बदलते, कोरडं चर्र होते, तेव्हा तेल टाकजो, कडा लालसर झाल्या की मग लसूण अन् मीठ. मी आता डोळ्यापेक्षा कानानंच पाहतो. जास्त शिजलं तरी याचा आलूसारखा गाळ होत नाही, म्हणून घाई करायचं काम नाही.

पिशवीत काय आहे ते सांगतो. वाळवलेली ढिंगरी (ओली दोन दिवसांत लिबलिबीत होते), तुरीच्या ओल्या शेंगा, चार वांगी, हिरवा लसूण, सांबार (तुमच्याकडची कोथिंबीर), अन् पुडीत वायगावची हळद, ती पिवळी कमी अन् नारिंगी जास्त, पाव चमचाच घे. शेंगा सोलून नाही पाठवल्या, सोललेले सोले पिशवीत घाम धरतात. तूच बस सोलत, तेवढा वेळ मोबाईल तरी सुटेल.

मूठभर ढिंगरी कोमट पाण्यात 20 मिनिटं ठेव, पिळून वरच्यासारखी परतून बाजूला काढ. ते पाणी फेकू नको, फडक्यानं गाळून रश्श्यात घाल. वाटीभर सोले तेलात फुटेपर्यंत भाज, त्यातले अर्धे जाडेभरडे कुट, त्यानंच रस्सा दाट होते, दाण्याचं कूट लागत नाही. मग हिरवा लसूण, दोन भेदरं (टमाटे), तिखट, हळद, वांग्याच्या फोडी, सोले अन् ते पाणी. वांगं शिजलं की ढिंगरी शेवटी. वांगं शिजताना झाकण चालते, तिथं माझं भांडण नाही. भाकर येत नसेल तर भातासोबत खा. अन् आता थंडीत भेदरं, मेथी, गाजर स्वस्त आहे तर तेच घे. मागं जुलैमध्ये तू मटाराचे जे पैसे दिले ते ऐकून मी दोन दिवस कोणाला बोललो नाही.

आजी अजूनही ढिंगरीला कुत्र्याची छत्रीच म्हणते. श्रावणात वारुळावरच्या सात्या, त्या रानातल्या छत्र्या, मात्र मिटक्या मारत खाते, "त्या जमिनीतून येतात, हे प्लॅस्टिकातून". खरं म्हणजे सात्या उधईच्या (वाळवीच्या) घरट्यातच वाढतात म्हणून त्यांची शेती होत नाही, पण तिला कोण समजावेल. तू तिकडं डोंगरावर फिरायला जातो तेव्हा असलं काही तोडून आणू नको हं. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, हे सगळं खोटं आहे अन् जे विषारी ते शिजवूनही विषारीच राहू शकते. सात्याही आपण ओळखणाऱ्याच्याच हातून घेतो.

काल मी हीच भाजी केली. आजीनं सोले, वांगं सगळं खाल्लं, ढिंगरी ताटाच्या कडेला काढून ठेवली, सात तुकडे. मग मी पाणी प्यायला गेलो अन् येऊन पाहतो तं पाचच. मी काही बोललो नाही.

निळ्या झाकणाचा डबा येताना आठवणीनं आणजो, तो तुझ्या आईचा आहे अन् मी पाठवला हे तिला माहीत नाही.

बाबा