पत्रिकेवरची अक्षरं बाबांनी काढावीत

सोलापूर

ती. बाबांना आणि ती. आईस साष्टांग नमस्कार.

चिऊच्या लग्नाची पत्रिका घरीच छापायची, हे आता नक्की झालं. आई, तू फोनवर म्हणालीस, पाहुणे म्हणतील पत्रिकेत पैसे वाचवले. म्हणू देत. दुकानात अल्बम पुढ्यात ठेवतात, त्यातली एक निवडायची आणि नावं तेवढी बदलून घ्यायची. तसल्या पत्रिकांचा दर उन्हाळ्यात आपल्या कपाटावर ढीग साठतो. चिऊची त्या ढिगातली होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

बाबा, स्क्रीन प्रिंटिंगचं हे काम तुम्हाला परकं नाही. लाकडी चौकटीवर जाळीचं कापड ताणून बसवायचं. सेंटीमीटरला 120 धागे असले की बारीक वेलांटीसुद्धा स्वच्छ उतरते. अंधाऱ्या खोलीत या स्क्रीनवर इमल्शनचा, म्हणजे उजेडानं घट्ट होणाऱ्या लेपाचा, पातळ थर देऊन वाळवायचा. मग काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म काचेखाली दाबून स्क्रीन उन्हात धरायची. ऊन लागेल तिथलं इमल्शन घट्ट होतं. अक्षरांखालचं कच्चंच राहतं आणि पाण्यानं निघून जातं. शाई उतरते ती तेवढ्याच जागेतून. जॅकार्ड मागाच्या पंच कार्डावर भोक असेल तिथलाच धागा उचलला जायचा ना, तसंच.

म्हणून तर हे पत्र. अक्षरं तुम्ही काढा. चादरीत नाव विणायचं असलं की कारखान्यात ग्राफ तुमच्याच टेबलावर यायचा. एकेक चौकोन भरून काढलेलं तुमचं ‘श्री’ घरातल्या जुन्या चादरीवर अजून आहे, इतक्या धुण्यांनंतरही. कॉम्प्युटरवरचे फाँट बघितले, ते वळण एकातही नाही. हात थरथरतो म्हणता, तर मापाच्या दुप्पट मोठं काढा. झेरॉक्सवर निम्मं करून घेऊ, म्हणजे थरथरही निम्मी होईल. शाई मात्र गडद काळी हवी. फिकट राहिली तर ऊन आरपार जातं आणि अक्षर अर्धवट उघडतं. अनुस्वार ठसठशीत द्या, बारीक टिंब जाळीत बुजतं. ‘श्री’, वधूवरांची नावं आणि तारीख, एवढंच पुरे. बाकी मजकूर टाइप करू.

आई, नावांचा क्रम तू लाव. कुणाचं कुणाच्या आधी, यात मी पडणार नाही. निमंत्रक म्हणून तुम्हा दोघांचीच नावं राहतील.

रंग दोन, हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल. पिवळा पुरता सुकल्याशिवाय लाल द्यायचा नाही. दोनशे पत्रिका म्हणजे चारशे वेळा स्क्वीजी, म्हणजे शाई दाबायची रबरी पट्टी, ओढायची. पाण्याची शाई इथल्या उन्हात जाळीतच सुकते, म्हणून गच्चीवर पहाटेच बसायचं. स्क्रीन धुवायची नळाला पाणी येईल त्या दिवशी. इथलं पाण्याचं तुम्हाला ठाऊक आहेच.

कागद पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणायला दादाला सांगितलंय. सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो, शाई छान पितो. सुतावर पोसलेल्या घराची पत्रिका सुती कागदावरच व्हावी.

पहिली पत्रिका तुळजापूरला, दुसरी सिद्धेश्वराला, मग पाहुण्यांना. आईचं हे म्हणणं चिऊलाही पटलंय.

दादा शनिवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं इकडे येतोय. अक्षरांचा कागद त्याच्याजवळ द्या, पण घडी घालू नका, गुंडाळी करा. घडीची रेघ फिल्मवर उमटते.

तुमचा,
धाकटा