दुसऱ्याचे व्होल्टेज आपल्या प्रोसेसरला चालत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याबद्दल, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याबद्दल, जिथे जिथे छापून येते, तिथे बहुधा दोनच आकडे असतात: इतके गिगाहर्ट्झ आणि इतके व्होल्ट. वाचक ते तसेच्या तसे बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, भरतो. संगणक सुरू झाला, एखादा गेम अर्धा तास चालला, की सेटिंग स्टेबल झाले असे धरून चालतो. अर्धवट स्थिर संगणक दरवेळी हँग होतोच असे नाही. तो चुकीची गणिते करत चालत राहतो आणि ती चूक कधी झिप फाइलमध्ये, कधी डिस्कच्या फाइल सिस्टिममध्ये जाऊन बसते. आठवड्यांनी ती उघडकीस येते, तेव्हा कारण कोणालाच सापडत नाही.

मुळात तो व्होल्टचा आकडा उसना घेता येत नाही. एकाच मॉडेलच्या दोन चिप एकाच वेगाला वेगवेगळे व्होल्टेज मागतात. शिवाय बायोसमध्ये १.३० भरले म्हणून लोडखाली १.३० मिळत नाही. प्रोसेसर जास्त करंट ओढू लागला की व्होल्टेज मुद्दाम खाली येऊ दिले जाते, यालाच व्हीड्रूप म्हणतात. किती खाली येऊ द्यायचे ते लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे एलएलसी, ठरवते. एलएलसी सर्वांत कडक ठेवले तर आकडा सरळ रेषेत दिसतो खरा, पण लोड अचानक सुटला की त्याच क्षणी व्होल्टेज भरलेल्या आकड्याच्याही वर उसळते. ही उसळी इतकी क्षणिक असते की सॉफ्टवेअरच्या रीडिंगमध्ये ती येतच नाही. म्हणून एलएलसी मधल्या पातळीवर ठेवावे. ही पातळी मोजण्याची पद्धतही मदरबोर्डगणिक उलटसुलट आहे: काही बोर्डांवर लेव्हल १ सर्वांत कडक, तर काहींवर सर्वांत सैल. तेव्हा असे आकडे छापताना आपल्या पानावर लोडखालचे व्होल्टेज, एलएलसीची पातळी, कूलर, तापमान, कोणती टेस्ट किती तास चालवली आणि रॅमच्या किती स्टिक होत्या, एवढे तरी सोबत असावे, ही आमची कळकळीची विनंती आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सुरुवात बायोस अपडेटने करावी, आणि ही केवळ औपचारिकता नव्हे. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारींनंतर एएमडीने बायोसमार्फत एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या, रॅम हाताळणाऱ्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे मान्य झाल्यावर ऑगस्ट २०२४ पासून सुधारित मायक्रोकोड (बायोसमार्फत मिळणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आले. जुन्या बायोसवर या चिप ओव्हरक्लॉक करणे म्हणजे झीज ओढवून घेणे. झिजलेली चिप कोणत्याही अपडेटने पूर्ववत होत नाही.

पुढचा नियम एकच आणि तो मोडू नये: प्रोसेसर आणि रॅम एकाच वेळी हलवायचे नाहीत. आधी रॅम तिच्या मूळ वेगावर आणि मूळ व्होल्टेजवर ठेवावी, डीडीआर४ असेल तर १.२ आणि डीडीआर५ असेल तर १.१ व्होल्ट. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवरच राहू द्यावा आणि फक्त मल्टिप्लायर वाढवावा; या दोहोंचा गुणाकार म्हणजेच प्रोसेसरचा वेग.

बहुतेक लोक आधी वेग ठरवतात आणि तो टिकेपर्यंत व्होल्टेज चढवत जातात. आमच्या मते ही दिशाच चुकीची. आधी आपला कूलर किती व्होल्टेज पेलतो ते बघावे: व्होल्टेज मॅन्युअल करून प्राइम९५ या ताण-चाचणीच्या प्रोग्रॅमची स्मॉल एफएफटी टेस्ट लावावी आणि तापमान चिपच्या कमाल मर्यादेच्या दहाएक अंश खाली थांबेल असे व्होल्टेज निवडावे. मग ते न हलवता मल्टिप्लायर एकेक पायरी वाढवत न्यावा. जिथे टेस्ट पडेल तिथून एक पायरी मागे यावे. तिथून व्होल्टेज १० मिलिव्होल्टच्या टप्प्याने कमी करत खालची हद्द शोधावी आणि त्या हद्दीवर १० ते २० मिलिव्होल्ट राखीव ठेवावेत. वीजखप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे विसरू नये. ५.० वरून ५.२ गिगाहर्ट्झवर जाण्यासाठी १.२० चे १.३० व्होल्ट करावे लागले, तर वेग चार टक्के वाढतो आणि खप साधारण बावीस टक्के. गळतीचा करंट त्यात धरलेलाच नाही.

टेस्ट पडणे म्हणजे ब्लू स्क्रीनच, असे नाही. प्राइम९५मध्ये सगळे सुरळीत दिसत असताना एखाद्याच वर्करच्या (टेस्टचा एका कोअरवर चालणारा भाग) खिडकीत ओळ येते की राउंडिंग ०.५ आले, अपेक्षा ०.४ पेक्षा कमी होती, आणि तेवढा वर्कर थांबतो. बाकीचे चालूच, माउस हलतो आहे, गाणे वाजते आहे. पण त्या कोअरने चुकीचे उत्तर दिलेले असते. तसेच विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी बघाव्यात. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली आणि हार्डवेअरने ती सुधारली. १८ म्हणजे सुधारता आली नाही. एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेन्सर यादीत तळाशी याच चुकांचा काउंटर असतो. तो शून्यावरच राहिला पाहिजे. दोन-चार चालतात, असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक कोअरचे व्होल्टेज पायरीपायरीने कमी करण्याची सोय, वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते आणि फुल लोडची टेस्ट फसवते, कारण सगळे कोअर राबत असताना क्लॉक खाली असतो. चिप पडते ती हलक्या कामात, एकटा कोअर सर्वोच्च बूस्टवर गेला की. रात्री रिकामा ठेवलेला संगणक सकाळी आपोआप रीस्टार्ट झालेला दिसतो तो यामुळेच. यासाठी कोअरसायक्लरसारखे एकेक कोअर तपासणारे साधन हवे. जो कोअर पडेल त्याचाच आकडा उणे २० वरून उणे १५ वर आणावा, सगळ्यांचा नव्हे. सर्वांत चांगले म्हणून खूण केलेले कोअर बहुधा सर्वांत कमी उणे आकडा सोसतात, कारण त्यांचे व्होल्टेज मुळातच काठावर बेतलेले असते.

रॅमकडे वळताना प्रोसेसर पुन्हा मूळ सेटिंगवर आणावा. एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे स्टिकमध्येच साठवलेले जास्त वेगाचे तयार सेटिंग, चालू करणे हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. पाकिटावरचा वेग त्या स्टिकच्या क्षमतेबद्दल असतो, तुमच्या प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरबद्दल नव्हे. रायझन ७००० ला डीडीआर५च्या दोन स्टिक असतील तर अधिकृत वेग ५२०० आहे. चार लावल्या की तो ३६०० वर येतो. चार स्टिक लावून ६००० चालत नाही म्हणून रॅम परत करायला निघणाऱ्यांनी आधी हे बघावे. दोनच स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात.

मोठ्या आकड्याला भुलण्यात अर्थ नाही. सीएलला, म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंत जाणाऱ्या क्लॉकच्या फेऱ्यांना, २००० ने गुणून रॅमच्या वेगाने भागले की नॅनोसेकंद मिळतात: ३६००ला सीएल १८ असो की ६०००ला सीएल ३०, उत्तर १० च येते. एएम५वर, म्हणजे रायझन ७००० च्या सॉकेटवर, ६००० च्या आसपास कंट्रोलर आणि रॅम एकास एक, म्हणजे सारख्याच क्लॉकवर, चालतात, तेवढे पुरे. तिथे एसओसी व्होल्टेज १.२० ते १.२५ पासून तपासावे. एक्स्पो लावल्यावर बोर्ड ते आपोआप कुठवर नेतो ते जरूर बघावे. हे व्होल्टेज वाढवले की स्थिरता वाढतेच असेही नाही. गरजेपेक्षा जास्त दिले तरी चुका सुरू होतात.

रॅमची पहिली टेस्ट विंडोजमध्ये करू नये. कच्च्या सेटिंगवर विंडोज सुरू केले की तेच डिस्कवर चुकीचे लिहून ठेवते. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चारही पास पूर्ण होऊ द्यावेत, मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा वाय-क्रंचर. एक एरर म्हणजे नापास. डीडीआर५मध्ये ऑन-डाय ईसीसी, म्हणजे चुका आपोआप सुधारण्याची सोय, आहे म्हणून निर्धास्त राहू नये, ते चिपच्या आतल्या बिटपुरतेच असते. स्टिक आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर झालेली चूक त्याला दिसत नाही.

रॅमच्या टायमिंगपैकी टीआरईएफआय, म्हणजे दोन रिफ्रेशमधले अंतर, सर्वांत फसवे. ते वाढवले की रॅम कमी वेळा रिफ्रेश होते आणि वेग चांगलाच वाढतो. पण रॅमची पेशी तापली की तिचा चार्ज लवकर गळतो, आणि पुढचा रिफ्रेश येण्याआधीच बिट हरवते. मेमरी टेस्टच्या वेळी ग्राफिक्स कार्ड थंड असते, स्टिक ४० अंशांवर असतात, टेस्ट पास होते. दोन तास गेम चालला, कार्डाची गरम हवा स्टिकवर आली, त्या ५५ अंशांवर गेल्या की गेम बंद पडतो आणि दोष गेमला दिला जातो. म्हणून कॅबिनेट बंद करून, ग्राफिक्स कार्डावर लोड टाकून मगच रॅम तपासावी. डीडीआर५ स्टिकचे तापमान एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसते.

प्रोसेसर आणि रॅम स्वतंत्रपणे पास झाले तरी दोघांची सेटिंग एकत्र लावल्यावर पडू शकतात: वेगवान रॅम प्रोसेसरला जास्त काम पुरवते, आणि मेमरी कंट्रोलरही त्याच चिपच्या उष्णतेत असतो. तेव्हा शेवटी प्राइम९५ची लार्ज एफएफटी रात्रभर चालवावी. इथे पडले तर टायमिंगला हात न लावता आधी कोअरला १० मिलिव्होल्ट देऊन बघावे.

एएम५वर रॅमचे सेटिंग बदलल्यावर काही मिनिटे स्क्रीन काळीच राहते, ते मेमरी ट्रेनिंग असते. घाबरून बटण दाबू नये. खरोखरच अडकले तर वीज तोडून बायोस मूळ सेटिंगवर आणणारा क्लिअर सीमॉसचा जंपर वापरावा किंवा सीआर२०३२ सेल काही मिनिटे काढून ठेवावा. ज्या संगणकावर हिशेब किंवा संशोधनाचा एकमेव डेटा आहे, त्यावर एक्सएमपीसुद्धा लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटचे एक. पुढे बायोस पुन्हा अपडेट केले तर सेव्ह केलेले जुने प्रोफाइल लोड करू नका. नव्या आवृत्तीत पर्यायांची रचना बदललेली असू शकते. सेटिंग कागदावर लिहून ठेवा, एकेक करून हाताने भरा आणि टेस्ट पहिल्यापासून घ्या.

कळावे,
संगणक जुळणी व दुरुस्ती करणारे दोन वाचक